त्या पानावर तुझं नाव नाही, मामा

मामा,

काल तुझ्या बाराव्याला तुझ्याच अंगणात उभी राहून मी खोटं वाचलं.

मांडवात सगळे होते. तुझ्या हाताखाली काम शिकलेले गवंडी, उलव्यातले भाऊबंद, घणसोलीहून आलेली आमच्याकडची माणसं. पानं मांडायची होती. तेवढ्यात मामीनं तुझ्या सुप्रियाला आतून पुस्तक आणायला सांगितलं. तू प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायचास ते, इटलीत छापलेलं, ज्यात माझा लेख आहे. मामी म्हणाली, "बाय, यांचं नाव हाय ती लाईन वाचून दाखव सगल्यांना. आधी इंग्लिशमदी वाच, मंग आपल्यात सांग."

एकशे चौदाव्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. लेख त्या पानावर संपतो आणि खाली चार ओळींत आभार आहेत. त्या ओळींकडे बघत मी तिथं नसलेलं एक वाक्य इंग्रजीत म्हटलं. मग मराठीत सांगितलं, की या भिंतीचं कोडं माझ्या मामांनी, उलव्याच्या हसुराम घरत यांनी सोडवलं, त्यांच्याशिवाय हा लेख झाला नसता. बळीरामकाकानं टोपीनं डोळे पुसले. मामी शेजारणीला म्हणाली, "बग, मी बोललेली ना!"

मी पुस्तक मिटलं आणि खाली बसले. जेवले सुद्धा.

तुझं नाव त्या पानावर नाही. पुस्तकात कुठंच नाही. हे तुझ्याशी बोलायला मला सहा वर्षं होती. वाशीहून उलवं किती लांब आहे? आता तर अर्धा तास पण लागत नाही. मी आले, जेवले, डबा घेऊन परत गेले, असं किती वेळा. आणि बोलायला बसलेय ती आज, तू नसताना.

मला इटलीला जाऊ द्यायला घरात कुणीच तयार नव्हतं. चित्रं बघायला दोन वर्षं परदेशात कशाला, असं पप्पांचं म्हणणं. तू आलास, सोफ्याच्या कडेला टेकलास, आणि पप्पांना म्हणालास, "दाजी, पोर भिंती बघाला चाललीय. आमच्या घरात भिंतींचं कोनाला कलतं तं मना. जाऊ दे तिला." पप्पा हसले आणि विषय संपला. त्या घरात तुझ्या बोलण्याला नेहमी हसायचेच सगळे. वाशीच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून पप्पांनी आमच्या तोंडून 'हाय' आणि 'नाय' काढून टाकलं होतं. मम्मी सुद्धा तू आलास की तेवढ्यापुरतं बोलायची तसं, दार लावून. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, मामा काय करतात? मी सांगायचे, सिव्हिल कॉन्ट्रॅक्टर. 'गवंडी' हा शब्द मी एकदाही उच्चारला नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं इथूनच सुरू झालं असं मला आता वाटतं.

दुसऱ्या वर्षी तू पंधरा दिवस माझ्याकडे आलास. पप्पांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मम्मी विमानाला घाबरते, म्हणून पोरीला बघून यायला तू. बॅगेत सुकट, बोंबलाची चटणी आणि तांदळाचं पीठ. माझ्या खोलीत पहिल्याच सकाळी तू भाकरी थापलीस, आणि धुराचा अलार्म वाजला तेव्हा खिडकी उघडून खालच्या लोकांना हात जोडलेस.

मी तुला चर्च दाखवत फिरले. माझा अभ्यासच तो होता, जुन्या चर्चमधली भिंतीवरची चित्रं. पहिल्या चर्चच्या दाराशी तू बूट काढलेस. मी म्हटलं, मामा, इथं चालतात बूट. तू म्हणालास, "त्यांना चालत आसतील. देवाला इचारलंय कोनी?" आणि थंडीच्या दिवसांत त्या गार फरशीवर मोज्यांवर फिरलास. प्रत्येक चर्चमध्ये. माझ्या वर्गातली दोन मुलं तिथं होती, ती हसली नाहीत, उलट त्यांना ते आवडलं. मीच इकडेतिकडे बघत होते.

क्रुसावरचा येशू पाहून तू खूप वेळ उभा राहिलास. मला वाटलं काहीतरी भाविक बोलशील. तू विचारलंस, "मंग याला खाली कोन उतरवतो?" पुढच्या गावातल्या चर्चमध्ये मी तुला मुद्दाम ते चित्र दाखवलं. शिडी लावून माणसं त्याला उतरवतायत, एकानं पाय धरलेत, एकानं कमरेला कापड गुंडाळलंय. तू शिडीचा पाय कुठे टेकलाय ते वाकून पाहिलंस. "शिडी बरोबर लावलीय. चितारी कामावर गेलेला मानूस हाय," म्हणालास. आणि मग हळूच, "उतरवला ना, बरं झालं."

त्यावरून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तू म्हणायचास, भिंतीवरच्या चित्रात आधी गवंडी, मग चितारी. ओला गिलावा असेपर्यंतच रंग धरतो, म्हणजे गवंडी सकाळी जेवढा गिलावा लावून देईल तेवढंच चितारी संध्याकाळपर्यंत रंगवणार. "मंग मालक कोन?" मी म्हणायचे, मामा, गिलावा कुणीही लावेल, चित्र त्याच्या डोक्यात होतं. तू म्हणायचास, "डोक्यात होतं ना? मंग डोक्यातच ऱ्हायला पायजे होतं." वाशीला, उलव्याला, लग्नाच्या मांडवात, जिथं भेटू तिथं हे भांडण. मी जिंकतेय असं मला वाटायचं, कारण तू नेहमी हसून सोडून द्यायचास.

आणि मग ते गावाबाहेरचं छोटं चर्च. आत एकाच भिंतीवर चित्र. मी त्यावरच लिहीत होते. मधोमध मेरी, बाजूला संत, आणि खाली डाव्या कोपऱ्यात काळ्या कपड्यातली गुडघे टेकलेली एक लहानशी बाई. तिच्याबद्दल सगळी पुस्तकं एकच सांगत होती, की ती मूळ चित्रात नव्हती. तिच्या घरच्यांनी वजन वापरून तिला मागाहून तिथं रंगवून घेतलं. मीही माझ्या वहीत तेच उतरवलं होतं.

तू माझी वही पाहिली नाहीस की मेरीचं तोंड पाहिलं नाहीस. छतावरचा दिवा बंद करायला लावलास, मोबाइलची बॅटरी लावलीस आणि मोबाइल भिंतीला जवळजवळ चिकटवून धरलास. उजेड आडवा पडला. आणि सपाट दिसणाऱ्या त्या भिंतीवर एकदम कडा उठल्या. इथं एक, तिथं एक. चित्राचे जणू तुकडे पडले.

चर्चची चावी सांभाळणारी म्हातारी धावत आली, हातवारे करून ओरडायला लागली. तू मोबाइल लांब केलास. खिशातून काही काढलं नाहीस, नुसत्या हातानं हवेत थापी फिरवून दाखवलीस, मग रंधा, मग पुन्हा थापी, आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवलास. ती बघत राहिली. आत गेली आणि तुला उभं राहायला एक स्टूल घेऊन आली.

"हा बग जोड," तू वरून म्हणालास. "हा एका दिवसाचा गिलावा, हा दुसऱ्या दिवसाचा. नवा लावताना जुन्याच्या कडेवर जरासा चढतोच. आता हिच्याकडं बग. ही बाई मागून आली आसती तं जुना गिलावा खोदाला लागला आसता. मंग हिची कड चारी बाजूंनी दुसऱ्यांवर चढली आसती. इथं उलटं हाय. या दाढीवाल्याचा गिलावा हिच्यावर चढलाय. म्हंजे ही आदल्या दिवसाची नि दाढीवाला दुसऱ्या दिवसाचा. ही पयल्यापासून हाय हितं."

"नक्की?"

"बाय, चालीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

मी तुझा हात धरून तो मोबाइल पुन्हा त्या कडेजवळ नेला आणि फोटो काढला. पुस्तकात छापलाय तो. उजव्या कोपऱ्यातून येणारा उजेड तुझ्या हातातला आहे. खाली छापलंय, छायाचित्र लेखिकेचं.

तू परत गेलास आणि तीन आठवड्यांनी मी वर्गात ते मांडलं. आमच्या बाई उठून फोटोजवळ आल्या, चष्मा काढून त्यांनी तो पाहिला आणि विचारलं, हे तुझ्या कसं लक्षात आलं?

त्याच क्षणी सांगता आलं असतं. माझा मामा गवंडी आहे, त्यानं दाखवलं. एवढंच वाक्य. त्यांना ते आवडलंच असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कुणी हिणवणार नव्हतं. मी म्हणाले, "तिरप्या उजेडात बघत होते." शब्दाशब्दानं खरं होतं, म्हणून तर ते इतकं सहज जमलं.

मग तो लेख झाला. पहिल्या खर्ड्यात मी आभारांत तुझं नाव लिहिलं होतं. शपथ घेऊन सांगते, लिहिलं होतं. पाठवायच्या आदल्या दिवशी ते काढलं. मला कुणी काढायला सांगितलं नव्हतं. जागा कमी पडत नव्हती. मला एवढंच वाटलं, की हे नाव आलं की लोक विचारतील, म्हणजे नेमकं काय दाखवलं मामानं? आणि सांगायला गेलं तर सगळंच दाखवलं होतं. माझ्या वाट्याला फोटो आणि इंग्रजी उरलं असतं.

त्या लेखावर मला इथल्या कॉलेजातली नोकरी मिळाली. दर वर्षी नव्या बॅचला मी तो फोटो दाखवते. अंधार करून, बॅटरी आडवी धरून, तुझ्यासारखीच. मुलं 'ओ' म्हणतात.

पुस्तक आलं तेव्हा ते घेऊन मी तुझ्याकडे आले. तू हात धुऊन आलास, लेंग्याला पुसलेस, मग पुस्तक घेतलंस. म्हणालास, "माझं नाव कुठं हाय?"

आहे का, असं तू विचारलंच नाहीस. कुठं आहे, असं विचारलंस.

मी एकशे चौदावं पान काढलं आणि आभारांतल्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं एका फोटोंच्या संग्रहाच्या प्रमुखांचं नाव आहे. तू चष्मा लावलास. बराच वेळ बघितलंस. मग म्हणालास, "बरं. कागद चांगला जाड वापरलाय." आणि मामीला हाक मारलीस. मामीनं त्या ओळीला हात लावून नमस्कार केला. मी पाणी प्यायला आत निघून गेले.

त्यानंतर जेव्हा जेव्हा भेटलास तेव्हा एक प्रश्न ठरलेला. "त्या भिंतीवर आनखी काय लिवलंस का, बाय?" मी म्हणायचे, नाही रे मामा, वेळच नाही. तू म्हणायचास, "लिव, लिव. आजून टाइम हाय." मला वाटायचं, तुला कौतुक आहे.

आणि तू माझ्या कॉलेजात यायचं म्हणत होतास. "मना एकदा घेऊन चल. पोरांना चुना कसा मलतात ते दाखवतो. पुस्तकातून काय कलतंय?" दोन वर्षं मी आज-उद्या केलं. कधी परीक्षा, कधी सुट्ट्या. खरं कारण, तू वर्गात मागच्या बाकावर बसला असतास आणि मी तो फोटो दाखवला असता, तर मी काय बोलले असते? गणपतीत तू शेवटचं विचारलंस. मी म्हटलं, दिवाळीनंतर नक्की. तुला तेव्हा दम लागत होता. मी पाहिलं, आणि म्हटलं, आधी डॉक्टरला दाखव, मग बघू. काळजीच्या नावाखाली सुद्धा मी तुला लांबच ठेवलं.

काल पंगती उठल्यावर मी मागच्या मोरीत भांडी विसळत होते. सुप्रिया आली. तुझी लेक बँकेत लागल्यापासून कमी बोलते, तुला माहीत आहे. माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि म्हणाली, "ताई, ते पान मी वाचलेलं आहे."

"आज?"

"पुस्तक आलं त्याच आठवड्यात. बाबांनीच वाचायला लावलं."

मला नळ बंद करायचं सुचलं नाही. तिनंच केला.

"मी म्हटलं, बाबा, तुमचं नाव नाहीये यात. तर म्हणाले, मना ठाव हाय. घरत लिवलेलं मना वलखतं, रोज बिलावर सही करतो."

तू सही इंग्रजीत करायचास. मी शंभर वेळा पाहिली होती. आणि तरी तुझ्यासमोर दुसऱ्याच्या नावावर बोट ठेवलं, कारण तुला वाचता येणार नाही असं मी धरूनच चालले होते. मामा, नाव गाळलं याच्यापेक्षा मला याची जास्त लाज वाटते. तू माझ्या बोटाकडे बघत होतास तेवढा वेळ तुला सगळं कळत होतं.

"मग मला काही बोलले का नाहीत?"

सुप्रिया म्हणाली, "मी पण हेच विचारलं. म्हणाले, तिला बोलाचं आसंल तवा ती बोलंल. तुझ्या आयशीला नको सांगू, ती पोरीवर चिडंल. आणि मग ताई, घरी कोण आलं की स्वतः पुस्तक काढून ती ओळ दाखवायचे. मी किती वेळा उठून आत गेले असेन."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती पातेलं घासत राहिली. ते उपडं ठेवून म्हणाली, "आज पण तू वाचशील असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं, आज तरी सांगशील."

आज सकाळी मी परत उलव्याला गेले. मामी ओटीवर एकटीच बसली होती, मांडवाचे बांबू निघालेले. मी समोर बसले आणि सांगितलं. वर्गातलं, खर्ड्यातलं, बोट ठेवलं ते, कालचं. मधे विमान गेलं. हल्ली ती इतकी खालून जातात की बोलणं थांबवावं लागतं. तेवढा वेळ मामी माझ्याकडे बघत होती आणि मला पुढचं बोलायला धीर होत नव्हता. आवाज गेल्यावर तिनं विचारलं, "म्हंजे येवढी वर्षं मी पावन्यांना बोट दाखवून खोटं सांगत होते?"

"हो, मामी."

"त्यांना ठाव होतं?"

"हो."

"नि मना नाय सांगितलं."

ती उठून आत गेली. तुझ्या-तिच्यात मी काय करून ठेवलं ते मला तेव्हा कळलं. चाळीस वर्षांच्या संसारात तू तिच्यापासून एक गोष्ट लपवलीस आणि ती माझी होती. आता ती तुझ्यावर रागवेल, आणि तुला उत्तर देता येणार नाही.

बऱ्याच वेळानं बाहेर आली. पुस्तक हातात होतं, पिशवीशिवाय. मी म्हटलं, मामी, मी त्या पुस्तकवाल्यांना आज पत्र लिहिते, चूक दुरुस्त करायला सांगते. माफ कर म्हणायला तोंड उघडलं तर म्हणाली, "ते मना नको इचारू. ज्याला इचाराचं तो गेला." मग म्हणाली, "नाव पुरं लिव. हसुराम गोमा घरत. बापाचं नाव नको गालू. नि कॉन्ट्रॅक्टर नको लिवू. गवंडी लिव. ते सोताला गवंडीच बोलायचे."

मी मान हलवली.

"नि त्यांच्या मासिकाला सगली मानसं परत येतील. तवा उभी रा नि खरं काय ते सांग. काल जेवढ्यांना सांगितलंस तेवढ्यांना. रडू नको तवा. तू रडलीस का लोक तुलाच पानी देतील."

पुस्तक तिनं मला दिलं नाही, आणि परत कपाटात पण ठेवलं नाही. ओटीवर तसंच पडलं होतं. तुझ्या घरातून मी पहिल्यांदाच चहा न घेता निघाले. तिनं विचारला नाही.

वाशीला येऊन आधी पत्र पाठवलं. तुझं नाव, तुझ्या बापाचं नाव, आडनाव. 'गवंडी'ला इंग्रजी शब्द लिहिला आणि त्याच्या पुढे मराठी शब्दही लिहिला, त्यांनी छापला तर छापला. फोटोखालची ओळ बदलायला सांगितली, उजेड कुणी धरला होता ते लिहायला सांगितलं. ते करतील की नाही माहीत नाही. पुस्तक छापून झालंय, फार तर त्यांच्या वेबसाइटवर कुठेतरी येईल. कॉलेज सोमवारी सुरू होतंय. पहिल्या तासाला मी तोच फोटो लावणार आहे, आणि या वेळी सहा शब्दांचं ते वाक्य आधी बोलणार आहे.

मामा, तू म्हणायचास अजून टाइम आहे. होता. सहा वर्षं तू मला तो दिलास, माझी लाज झाकून दिलास, लोकांसमोर खोटं बोलून दिलास, आणि मी तो वापरला नाही.

मासिकाला अजून सतरा दिवस आहेत. बळीरामकाका पुढच्या रांगेत असेल. सुप्रिया मागे उभी असेल. तेव्हा मी पुस्तक घेणार नाही. हेच कागद घेऊन उभी राहणार आहे, पहिल्या ओळीपासून वाचणार आहे, आणि रडणार नाही.